फुकट मास्तरांची चेन्नई

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. तीन देशांतून आलेली माणसं आणि एक सांगलीकर एका घरात, एका गॅसवर आणि एका बाथरूमवर ठेवा, ते आपोआप साठतात. मग एक दिवस फडताळ उघडलं की सगळे एकदम अंगावर कोसळतात! मी सांगलीला गेले की मैत्रिणी चहाचा कप हातात देतात आणि म्हणतात, "हं, तुझ्या गोऱ्यांचं सांग." मीही सांगते. पण चेन्नईतल्या त्या शनिवार-रविवारचं सांगायचं म्हणजे कप पुरत नाही, किटलीच लागते.

आधी माणसं सांगते. तिरुवण्णामलैच्या पलीकडे एका खेड्यात एका ट्रस्टची शाळा आहे. तिथे आम्ही चौघं 'व्हॉलंटियर टीचर', म्हणजे बिनपगारी मास्तर. गावातले लोक आम्हाला 'फ्री टीचर' म्हणायचे, साबणावर साबण फ्री मिळतो त्यातला फ्री! मार्गारेट स्कॉटलंडची, आयुष्यभर हेडमिस्ट्रेस होती, आता निवृत्त. लुकास जर्मनीचा, कोवळा पोरगा, फोनवरच्या अ‍ॅपवर तमिळ शिकायचा. जोआना कॅनडाची, तिला जगातली प्रत्येक गोष्ट 'ऑथेंटिक' लागायची. आणि मी मंजिरी, गणित शिकवायला गेलेली.

माझ्या तमिळची गंमत अशी, की मला कळायचं सगळं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडायचं. लुकासचं उलटं. तो बोलायचा फाडफाड, पण समोरच्याचं उत्तर त्याला कळायचं नाही. आम्ही दोघं मिळून एक तमिळ माणूस होतो!

पाचवी सेल्वी मिस. ती गावातलीच, आणि आमच्यातली नव्हे, कारण तिला पगार होता. शाळेत खरं शिकवायची तीच. आम्ही मुलांना इंग्लिशमध्ये गाणी म्हणायला लावायचो, नंतर ती बसून त्यांना वाचायला शिकवायची.

आमचे ट्रस्टी सबनीससाहेब. मूळचे पुण्याचे, तीस वर्षं चेन्नईत, अंबत्तूरला छोटा कारखाना. त्यांनी रविवारी आम्हा चौघांचा सत्कार ठेवला आणि निरोप धाडला, की त्याच कार्यक्रमात एक महत्त्वाची घोषणा होईल. घोषणा काय ते, एक जोआना सोडली तर, शिपायापर्यंत सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. परदेशातून फुकट मास्तर येतायत, मग पगारी शिक्षिका हवी कशाला?

सेल्वी मिसलाही आमंत्रण होतं. शालींचं तबक धरायला!

*

तर शुक्रवारी निघालो. बस चेन्नईच्या स्टँडवर थांबली तेव्हा जोआना म्हणाली, "आलं!" आणि उतरून बघते तर खरी चेन्नई अजून पुढे तासभर. तिथून दुसऱ्या बसने गिंडीला, आणि गिंडीला मेट्रो.

सरकत्या जिन्यापाशी जोआना थबकली. तिने मागे वळून सेल्वी मिसचा हात घट्ट धरला.

"घाबरायचं नाही," ती हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "आधी उजवा पाय. मी आहे ना."

सेल्वी मिसने मान डोलावली आणि उजवा पाय टाकला. वर पोचेपर्यंत जोआना तिच्या पाठीवर थोपटत होती. वर गेल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. दोन माणसं वळून बघायला लागली.

मग फाटकापाशी पुन्हा शिकवणी. "हे बघ, हे यंत्र आहे. इथे कार्ड टेकवलं की हे उघडतं. दाराला लाथ नाही मारायची."

सेल्वी मिसने पर्स उघडली, त्यातून स्वतःचं, कडा झिजलेलं मेट्रो कार्ड काढलं आणि टेकवलं. फाटक उघडलं.

जोआना माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "मंजू, बघितलंस? किती पटकन शिकली!"

गाडीत मी सेल्वी मिसच्या कानाशी लागले. "अहो मिस, तुम्ही बी.एड. चेन्नईतच केलंत ना? सांगायचं की तिला!"

"कशाला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिला किती बरं वाटत होतं!"

*

सेंट्रलला मेट्रो सोडून लोकल धरली. सेल्वी मिस अंबत्तूरला बहिणीकडे उतरली आणि आम्ही पुढे आवडीला गेलो. तिथे माझी आत्या राहते. काका डिफेन्सच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांनी तिथेच फ्लॅट घेतला.

स्टेशनबाहेर रिक्षा केली. जोआनाने मला पुढे ढकललं. "तू बोल. तुझा देश आहे."

मी बोलले. म्हणजे तोंड उघडलं आणि ठरल्याप्रमाणे हिंदी बाहेर पडलं. रिक्षावाला माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग लुकास पुढे झाला आणि त्याने अ‍ॅपमधल्या बाईच्या आवाजात, तिच्याच हेलात, शुद्ध पुस्तकी तमिळमध्ये पत्ता सांगितला. ऐकून रिक्षावाला हरखलाच. त्याने लुकासला पुढे आपल्या शेजारी बसवून घेतलं, अर्ध्या सीटवर!

वाटेत तो लुकासला काहीतरी लांबलचक विचारायला लागला. लुकासला अर्थात ओ की ठो कळलं नाही, तो नुसता "आमा, आमा," म्हणजे "हो, हो," करत राहिला. मला मात्र मागे बसून सगळं कळत होतं.

उतरल्यावर लुकासने विचारलं, "काय म्हणत होता गं तो?"

"विचारत होता, तू इथलाच का?"

"आणि दुसरं?"

"ही मागची बाई कुठल्या देशाची?"

*

आत्याने पुरणपोळीचा घाट घातला होता. जोआना व्हीगन. हे आत्याला मी फोनवर सांगितलं होतं, पण आत्याच्या डोक्यात ते 'व्हेज' म्हणून शिरलं होतं.

"दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही," मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा समजावलं.

"अगं बाई! उपास कसला आहे तिचा?"

"उपास नाही आत्या, तत्त्व आहे. गाईचं काही चालत नाही."

आत्याने हातातली तुपाची वाटी एकदा बघितली, मग बाहेर टेबलाशी गेली आणि जोआनाच्या पोळीवर धार सोडत मला म्हणाली, "हिला सांग, हे डब्यातलं आहे. दुकानातून आणलंय. गाईचा काही संबंध नाही!"

मी सांगितलं नाही. जोआनाने तीन पोळ्या खाल्ल्या आणि विचारलं, "हे कुठलं तेल आहे? इतकं ऑथेंटिक लागतंय!"

जेवणं आटोपतायत तोवर आत्याने सोसायटीतल्या मराठी बायकांना बोलावून घेतलं होतं. गोऱ्या पाहुण्या रोज येत नाहीत. लिमयेकाकू तर मुलालाच घेऊन आल्या. तो कॅनडाला जायच्या खटपटीत होता. "जरा याच्याशी इंग्लिश बोला हो," त्या मार्गारेटला म्हणाल्या. मार्गारेटचं स्कॉटिश इंग्लिश तासभर ऐकून तो पोरगा इतका हादरला, की ऑस्ट्रेलियाचं बघतो म्हणाला.

मग गप्पा रंगल्या. लिमयेकाकूंनी आपलं दुःख सांगितलं, मी भाषांतर करत होते.

"सगळं छान आहे हो इथे. पण माणसं फार हेकट. तीस वर्षं झाली आम्हाला, अजून यांना साधं हिंदी येत नाही. भाजीवाल्याशी बोलायचं म्हणजे डोकं फुटतं."

मार्गारेट हेडमिस्ट्रेसच ती. चष्मा पुसत तिने सरळ प्रश्न टाकला, "आणि तुम्हाला तमिळ येतं?"

"छे हो!" लिमयेकाकू हसल्या. "आम्ही काय, इथे थोड्या दिवसांसाठीच आलोय."

*

शनिवारी सकाळी जोआनाने एक 'अनुभव' बुक केला होता. मैलापूरमधल्या अस्सल तमिळ घरात जायचं, अंगणातली रांगोळी बघायची, फिल्टर कॉफी प्यायची आणि घरातल्या आजींशी गप्पा मारायच्या. माहितीत लिहिलंच होतं, 'अस्सल'.

गेलो. दारात रांगोळी होती, कॉफीचा वास होता आणि आतल्या खुर्चीत नऊवारी नेसलेल्या, नाकात दोन्हीकडे चमक्या घातलेल्या आजी होत्या. जोआना खूश! फोन काढून तिने आल्या आल्या व्हिडिओ सुरू केला.

आजी सुनेला म्हणाल्या, "अगो, हिला कांफी देऊं का विचार. उन्हांतून आली आहे, तोंड कसें लाल झालें आहे बघ."

मी दचकलेच. "आजी, तुम्ही मराठी?"

"मग?" आजी म्हणाल्या. "आम्ही तंजावरचे. तुम्ही कोठल्या?"

झालं! कित्येक पिढ्यांपूर्वी आजींचे पूर्वज तंजावरला गेले, नंतर कुटुंब चेन्नईत आलं. बोलणं मराठी, चाल तमिळ, आणि मधेमधे "अय्यो" आणि "सेरी". आम्ही दोघी अशा काही सुटलो की विचारू नका. सांगली कोठे, तुमच्याकडे आमटी कशी करतात, चिंच घालतात की आमसूल, मुलगी अजून लग्नाची का राहिली, सगळं झालं.

थोड्या वेळाने आजी सुनेकडे वळून म्हणाल्या, "हिची मराठी निम्मी हिंदी आहे, निम्मी इंग्लिश. पण कळतें हो."

सूनबाई ओशाळल्या. "अम्मा, असं म्हणू नये. त्या खऱ्या महाराष्ट्रातल्या आहेत."

आजींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मग आम्ही काय लटक्या?"

बाहेर पडलो. कोपऱ्यावर आल्यावर जोआनाने माझा हात धरला आणि गहिवरून म्हणाली, "मंजू, एका दिवसात तुझं तमिळ किती सुधारलं!"

*

दुपारी सेल्वी मिस आम्हाला येऊन मिळाली आणि केळीच्या पानावर जेवायला एका मेसमध्ये घेऊन गेली. इथे एक शब्दज्ञान हवं. तमिळमध्ये 'पोदुम' म्हणजे पुरे. आणि 'पोडु' म्हणजे वाढ. लुकासच्या अ‍ॅपने त्याला दोन्ही शिकवले होते, आणि त्याच्या जर्मन जिभेने दोन्हीचं एक करून टाकलं होतं.

वाढप्याने भात वाढला. लुकासने पानावर हात आडवा धरला आणि हसून म्हणाला, "पोडु!"

वाढप्याने हात बाजूला सारला आणि आणखी वाढला.

"पोडु, पोडु!" लुकास कळवळून म्हणाला.

वाढपी भला माणूस. परदेशी पाहुणा इतक्या प्रेमाने मागतोय म्हटल्यावर तो सांबाराची बादलीच घेऊन आला. मागून रस्सम. मग ताक. प्रत्येक वेळी लुकास दोन्ही हात जोडून "पोडु!" आणि प्रत्येक वेळी पानावर नवा डोंगर! लुकासच्या घरी ताटात टाकायची पद्धत नव्हती. तो खात राहिला. कान लाल, कपाळावर घाम, शर्टाचं खालचं बटण उघडलेलं. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवण थांबवून बघायला लागली. मालक स्वतः गल्ला सोडून आला आणि त्याने आपल्या हाताने पायसम वाढलं.

मला राहवेना, मी सांगायला तोंड उघडलं. सेल्वी मिसने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

शेवटी लुकास कसाबसा उठला. भिंतीला धरून म्हणाला, "या लोकांचं आदरातिथ्य थोर आहे. पण एक आहे, समोरचा नको म्हणतोय, हे यांना कळतच नाही!"

"खरंय," सेल्वी मिस हात धुता धुता म्हणाली. "तुमच्यासारखंच."

*

टी. नगरला साड्यांच्या दुकानात मार्गारेटला एक सुती साडी घ्यायची होती, बस, एक! पण सुती साडी म्हटल्यावर विक्रेत्याने फडाफड उलगडायला सुरुवात केली. हिरवी, मोरपंखी, गुळी, राणी. मार्गारेट अस्वस्थ. "त्यांना सांग, एवढ्या नकोत. घड्या मोडतायत."

मी म्हटलं, "असंच असतं गं इथे."

"पण आवरणार कोण?"

आयुष्यभर तिने मुलींना सांगितलं होतं, आपला पसारा आपण आवरायचा. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि एकेक साडी घडी करून रचायला लागली. काठाला काठ, पदर आत, अशी चापून चोपून! विक्रेता "नो मॅडम, नो मॅडम" करत राहिला, पण हेडमिस्ट्रेसला कोण अडवणार?

आम्ही बाकीचे तोवर वरच्या मजल्यावर गेलो. परत आलो तर मार्गारेट गादीच्या पलीकडे, विक्रेत्याच्या बाजूला उभी! समोर एक बाई आणि तिची सून.

"यात निळा आहे का?" बाई विचारत होत्या, इंग्लिशमध्ये.

"निळा तुमच्या वर्णाला खुलणार नाही," मार्गारेट ठासून म्हणाली. "हा घ्या." आणि गठ्ठ्यातून तिने बरोबर मोरपंखी उपसली.

बाईंनी निमूट घेतली. सुनेनेही घेतली. शाळेत गणवेश वाटावेत तशी रांगच लागली म्हणा ना!

बाहेर पडताना मालकाने मार्गारेटला व्यवस्थित वाकून नमस्कार केला आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम दिवाळीच्या सीझनला मोकळ्या आहेत का?"

मी म्हटलं, "आहेत. पण फुकट काम करतात हं त्या."

तो चपापला. "छे छे! फुकट कसं? मग आमच्या दुकानातल्या मुलींनी कुठे जायचं?"

सेल्वी मिस माझ्या मागेच उभी होती.

*

संध्याकाळी समुद्रावर गेलो. हा तसा किस्सा नाही, पण सांगते.

जोआना आणि लुकास पाण्यात गेले. मार्गारेट चपला हातात घेऊन कडेकडेने चालत होती. आम्ही दोघी वाळूत बसून तिखट लावलेली कैरी खात होतो. मीच विषय काढला. म्हटलं, "मिस, उद्याचं काय?"

"उद्या तबक धरायचं," ती म्हणाली. "जड नाही म्हणे."

"आम्ही सगळे मिळून साहेबांशी बोलू."

"काय बोलणार? आम्ही जातो म्हणणार?" ती हसली. "तुम्ही तर जाणारच आहात, मंजू मिस. दरवर्षी जाता. माझी पोरं दरवर्षी नवीन इंग्लिश शिकतात. मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं शिकली, त्याआधी आयर्लंडचं. आता चौथीतला मुरुगन जर्मनसारखं इंग्लिश बोलतो. त्याला वाटतं ते रागावून बोलायचं असतं!"

मी हसले. मग हसू थांबलं, कारण ती हसत नव्हती.

"मी तुमच्यासारखी लांबून नाही आले," ती म्हणाली. "मी तिथलीच आहे. मला शाळा सोडायची झाली तर जायचं कुठे? रोज त्याच शाळेवरून बाजारात जायचं. पोरं कुंपणातून हाक मारणार."

तेवढ्यात जोआना धावत आली, ओलीचिंब. "सेल्वी! ये ना पाण्यात! पहिल्यांदाच बघतेयस ना समुद्र?"

"हो," सेल्वी मिस उठत म्हणाली. "किती मोठा आहे!"

*

रविवारी सकाळी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या हॉलमध्ये सत्कार. स्टेजमागे बॅनर. त्यावर सबनीससाहेबांचा फोटो माणसाएवढा आणि आम्हा चौघांचे तिकिटाएवढे. मार्गारेटचं नाव छापलं होतं 'मार्गारीन'. ती म्हणाली, "असू दे. पावावर लावण्यापुरती तरी उपयोगी पडेन."

हॉल भरावा म्हणून कारखान्यातले कामगार युनिफॉर्ममध्ये आणून बसवले होते. कार्यक्रमानंतर बिर्याणी आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. शाळेतल्या मुलांचे आईबाप व्हॅनने आले होते. एक तमिळ वार्ताहर कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेच्या कडेला उभा होता.

सबनीससाहेबांना तीस वर्षांत दोन तमिळ शब्द आले होते. 'सेरी', म्हणजे ठीक आहे, आणि 'सीक्रम', म्हणजे लवकर. कारखाना चालवायला तेवढे पुरतात. भाषण असलं की त्यांचे मॅनेजर षण्मुगम भाषांतर करायचे. षण्मुगम साहेबांकडे पहिल्या दिवसापासून होते, त्यांचं डोकं तिथेच पिकलं. पण आज ते गळ्याला मफलर गुंडाळून आले आणि खुणेनेच म्हणाले, घसा बसलाय.

साहेबांनी मला बोलावलं. "मंजिरीताई, तुम्हीच करा भाषांतर. आपलं माणूस बरं."

"सर, मला कळतं. पण बोलता येत नाही."

"अरेच्चा! मग?"

"सेल्वी मिस आहेत की."

साहेबांनी तबक धरून उभ्या असलेल्या सेल्वी मिसकडे असं बघितलं, जणू तबकाला पाय फुटलेत. "हिला इंग्लिश येतं?"

"इंग्लिशच शिकवतात त्या सर, तुमच्या शाळेत."

"बरं, बरं. सीक्रम."

साहेबांनी इंग्लिशमध्ये सुरुवात केली. शिक्षण हा दिवा आहे, आपण सारे वाती आहोत, वगैरे. सेल्वी मिस तबक हातात धरूनच माईकपाशी उभी राहिली आणि वाक्याला वाक्य देत गेली. दिव्याला दिवा, वातीला वात. काही म्हणजे काही सोडलं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून कौतुकाने भुवया उंचावल्या.

मग घोषणा आली. साहेबांनी चष्मा सारखा केला आणि आमच्याकडे हात केला.

"ही थोर माणसं इतक्या लांबून येऊन पगार न घेता शिकवतात. तेव्हा येत्या जूनपासून आपल्या शाळेला स्थानिक शिक्षकांच्या पगारावर खर्च करण्याची गरज उरणार नाही, असा निर्णय मी घेतला आहे."

आणि ते थांबले. सेल्वी मिसने भाषांतर करावं म्हणून.

मार्गारेटने माझा हात धरला. लुकास खाली मान घालून बसला होता. जोआनाला घोषणा पहिल्यांदाच कळत होती, तिचं तोंड उघडंच राहिलं.

सेल्वी मिसने तबक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. माईकची उंची जरा खाली केली. मग समोरच्या आईबापांकडे बघत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा अशा आवाजात, ती तमिळमध्ये म्हणाली:

"ही थोर माणसं पगार न घेता शिकवतात, त्यामुळे शाळेचे पैसे वाचतात. ते सगळे पैसे येत्या जूनपासून गावातल्या शिक्षकांच्या पगारात घालायचे, आणि गावातल्या एकाही शिक्षकाला कधीही काढायचं नाही, असा निर्णय सरांनी घेतला आहे."

मी चटकन समोर बघितलं. कारण तमिळ आणि इंग्लिश दोन्ही उत्तम समजणारा एक माणूस पहिल्या रांगेत बरोबर मधोमध बसला होता. षण्मुगम.

षण्मुगम उठून उभे राहिले. त्यांनी गळ्याचा मफलर सोडला. सेल्वी मिसकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं.

आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली!

मग काय विचारता! आईबाप उठले, कामगार उठले, मागून शिट्ट्या आल्या. एक म्हातारा स्टेजपर्यंत येऊन साहेबांच्या पाया पडला. बायका डोळे पुसत होत्या. मार्गारेटला अक्षर कळलं नव्हतं, पण तिने सेल्वी मिसचा चेहरा एकदा नीट न्याहाळला आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

लुकास माझ्या कानाशी आला. त्याला एकच शब्द कळला होता, 'संबळम', म्हणजे पगार. "पगार बंद करतायत ना? मग ही माणसं टाळ्या का वाजवतायत?"

"तू वाजव," मी म्हटलं.

साहेब दोन्ही हात जोडून चारी दिशांना वाकत होते. ते माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाले, "बघितलंत मंजिरीताई? पगार बंद म्हटलं तरी टाळ्या! कसली मोठ्या मनाची माणसं आहेत हो! मी उगीच घाबरत होतो."

तेवढ्यात तो वार्ताहर स्टेजच्या कडेला आला. त्याने आपली टिपणं एकदा बघितली, एकदा सेल्वी मिसकडे बघितलं आणि साहेबांना इंग्लिशमध्ये विचारलं, "सर, ही घोषणा उद्याच्या पेपरात देऊ? नक्की ना?"

"द्या की!" साहेब म्हणाले. त्यांनी सेल्वी मिसला जवळ बोलावून फोटोसाठी आपल्या शेजारी उभं केलं. "एक अक्षर इकडचं तिकडे नको. या बाईंनी सांगितली, तशीच छापा!"